उत्तम दर्जाच्या चुका

इंजिनीअरबाईला संचालकांबद्दल जे काही वाटायला लागलं ते पहिल्याच दिवशी, वर्गात पाऊल टाकण्याआधी, दारावरची पाटी बघूनच. 'भावी शास्त्रज्ञ अकादमी : रोबोटिक्स आणि कोडिंग' असं पाटीवर निळ्या अक्षरांत झळकत होतं खरं, पण रंगारी आळशी होता की रंग पातळ, कोण जाणे, निळ्याखालून जुनी तांबडी अक्षरं डोकावत होती. जरा मान वाकडी केली की 'सुंदर हस्ताक्षर' एवढं वाचता येई. आणि त्याच्याही पोटात, अगदी पुसट, 'स्मरणशक्ती विकास'. म्हणजे या गृहस्थांनी आधी गावातल्या मुलांची स्मरणशक्ती वाढवली, मग त्यांचं अक्षर सुधारलं, आणि आता ते त्यांना शास्त्रज्ञ करायला निघाले होते. स्मरणशक्तीचा वर्ग लोक विसरले कसे, हा प्रश्न तिला पडला, पण तो विचारायची ती जागा नव्हती. तिला नोकरी हवी होती.

इंजिनीअरबाई हे तिचं नाव अकादमीच्या इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. इथे येण्याआधी ती इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच तिथे बघायचं. खोटं बोलला तर परत खाली पाठवायचा, त्यात कुणाची मर्जी सांभाळायची नाही. पुढे कारखान्याने दुसऱ्या गावी बस्तान हलवलं. तिच्या नवऱ्याचा धंदा इथेच होता. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देई, घराच्या मागच्या खोलीत त्याची भट्टी आणि साचे होते. तेव्हा कारखाना गेला आणि ती राहिली.

"मॅडम, तुम्हाला हसता येतं का?" संचालकांनी मुलाखतीत पहिला प्रश्न विचारला.

"म्हणजे?"

"मुलांसमोर, पालकांसमोर. आधीचे सर फार हुशार होते हो, पण चेहरा कायम फ्यूज उडाल्यासारखा."

"मोटर, सेन्सर, प्रोग्रामिंग, यातलं काही विचारणार नाही का?"

"ते सगळं किटमध्ये असतं," संचालक म्हणाले आणि तिला उद्यापासून यायला सांगितलं.

त्यात मात्र त्यांनी थाप मारली नव्हती. सगळं खरोखरच किटमध्ये होतं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फळीवर दोन पिवळ्या मोटर आधीच बसवलेल्या, त्यांना चाकं आधीच लावलेली, पुढे कुठेही वळणारं एक छोटं चाक, त्याच्यावर दोन गोल डोळ्यांचा सेन्सर, पोटाखाली काळी पट्टी ओळखणारा दुसरा, मधोमध सर्किटची पाटी, आणि तारा तर कुणीतरी कुठेतरी डाग देऊन पक्क्या केलेल्या. भावी शास्त्रज्ञाने फक्त चार स्क्रू पिळायचे, बॅटरी घालायची आणि झाकणावर स्टिकर चिकटवायचे. प्रोग्रामही तयार. वर्गाच्या लॅपटॉपला वायर जोडायची, पडद्यावरचा बाण दाबायचा, की गाडी जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून मुकाट्याने चालायला लागे. पट्टी डावीकडे वळली की तीही डावीकडे, पट्टी उजवीकडे वळली की उजवीकडे. संचालक याला 'इनोव्हेशन' म्हणत.

मग फोटो. त्यासाठी पांढरे कोट होते, दोन मापांचे, आणि डोळ्यांवर लावायचे मोठे गॉगल होते. त्या वर्गात डोळ्यात उडेल असं स्टिकरच्या मागच्या कागदाखेरीज काहीही नव्हतं. तरी गॉगलशिवाय एकाही मुलाचा फोटो निघाला नाही.

मुलांना न्यायला पालक येत, तेव्हा तर ती कपाळावर हात मारून घ्यायचीच बाकी राही. "आमचा घरी रिमोट उघडून बसतो हो," एखादी आई सांगे, "म्हणजे बघा, उपजतच आहे." कुणाचा पुतण्या परदेशात असे आणि तो म्हणालेला असे की आता सगळं रोबोटच करणार. माणसं काय करणार, हे पुतण्याने सांगितलेलं नसे. बाई सगळ्यांकडे बघून हसे. हसणं तिला जमत होतं, फक्त ते जबड्यापर्यंतच पोचे.

घरी आली की ती चप्पल काढता काढता सुरू होई. नवरा मागच्या खोलीत मेणाच्या हिरड्यांवर दात बसवत बसलेला असे. त्याला हात थांबवता येत नसे, त्यामुळे तो चांगला श्रोता होता.

"आज एकाला स्टिकर वाकडा लागला म्हणून रडू आलं," ती म्हणे. "त्याच्या वडिलांनी मला विचारलं, याचा रोबोटच्या परफॉर्मन्सवर परिणाम होईल का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, थोडाफार."

असं चाललं होतं. तुच्छतेने माणसाला नोकरी सोसायला बरीच मदत होते. आपण यांच्यातले नाही, एवढं रोज मनाशी म्हटलं की बाकीचा दिवस निघून जातो. तीही तसाच काढत राहिली असती, पण शनिवारच्या तुकडीत कुरकुर आली.

हे नाव तिला तुकडीतल्या मुलांनी दोन तासांत दिलं. दहा-अकरा वर्षांची, वेणी कायम एका खांद्यावर, आणि तोंडाने अखंड तक्रार. स्क्रू फार छोटे आहेत, गॉगलला कुणाच्या तरी घामाचा वास येतो, स्टिकरवरचा रोबोट आपल्या रोबोटसारखा दिसतच नाही. वडील वकील. ते तिला दारात सोडताना "आर्ग्युमेंट नको करूस" असं दर वेळी बजावत, आणि ती त्यावर आर्ग्युमेंट करत आत येई.

पहिल्या दिवशी तिने चार स्क्रू पिळले, बाण दाबला. गाडी पट्टीवरून एक फेरी मारून आली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती गाडीकडे बघत उभी राहिली.

"यात मी काय केलं?" तिने विचारलं.

"तू प्रोग्राम टाकलास," बाई म्हणाली.

"मी बाण दाबला. माझा लहान भाऊ लिफ्टमधली सगळी बटणं दाबतो. म्हणून लिफ्ट त्याने बनवली का?"

तुकडीतली मुलं हसली. "चला, फोटो काढायचाय," असं म्हणून बाईने वेळ मारून नेली आणि त्या क्षणी आपल्या तोंडून संचालक बोलले की काय असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी घरी तिचा सूर वेगळाच होता. "एवढीशी पोर," ती म्हणाली, "आणि सगळ्यांच्या देखत मला विचारते."

"खरं सांगून टाकायचंस."

"खरं सांगितलं तर वर्ग बंद पडेल."

नवऱ्याने दात चिमट्यात धरून उजेडात फिरवून बघितला. "माझं गिऱ्हाईक बरं," तो म्हणाला. "कवळी घालणाऱ्याला निदान माहीत असतं, हे दात आपले नाहीत."

हे बोलणं तिला झोंबलं. संचालक, पालक, पुतणे, स्टिकर या सगळ्यांना नावं ठेवत असताना तिने स्वतःला सोयीस्कर बाजूला ठेवलं होतं. प्रत्यक्षात मुलांच्या हातून बाण दाबून घेणारा माणूस कोण, तर तीच.

शनिवारी संचालक शाळांमधून आपल्या वर्गाचं प्रदर्शन करत फिरत. ते बाहेर पडल्यावर बाईने जमिनीवरची काळी पट्टी खरवडून काढली, लॅपटॉपवरचा तयार प्रोग्राम बाजूला केला आणि मुलांना सांगितलं, "आज पट्टी नाही. गाडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ न्यायची. प्रोग्राम तुम्ही लिहायचा."

"सरळ तर सोप्पं आहे," एकजण म्हणाला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, कारण तो तसं म्हणायला लावी.

तिने फळ्यावर दाखवलं: डाव्या मोटरला किती जोर द्यायचा तो आकडा, उजव्या मोटरला किती तो आकडा, किती वेळ चालायचं, मग थांबायचं. मुलांनी दोन्हीकडे दोनशे घातले आणि गाड्या सोडल्या. एकही सरळ गेली नाही. कुणाची डावीकडे वळून कपाटाखाली घुसली, कुणाची उजवीकडे, एकीने तर गोल फिरून मालकाच्याच पायाचा वेध घेतला.

"बिघडलंय," मुलं ओरडली.

"बिघडलेलं नाही. दोन मोटर एकाच कारखान्यातून आल्या म्हणून त्यांचा स्वभाव एक नसतो. एक थोडी जोरात पळते, एक मागे राहते. कोणती ते तुम्ही शोधायचं."

मुलं काही देवदूत नव्हती. एकाने मागे राहणाऱ्या चाकाला हाताने ढकललं. एकीने शेजारणीचे आकडे उतरवले आणि आपली गाडी तरी वाकडीच जाते म्हणून शेजारणीला खोटारडी ठरवलं. एकजण म्हणाला, पप्पा नवीन आणून देतील. कॅप्टनने आपली गाडी जिकडे गेली तिकडेच तिला जायचं होतं असं जाहीर केलं. कुरकुर मात्र जमिनीवर पालथी पडून चाकांकडे बघत होती. उजवीकडचा आकडा तिने एकशे नव्वद केला, गाडी अजून वळत होती. एकशे ऐंशी केला, आता उलटी वळायला लागली. असं करत करत तास संपता संपता तिची गाडी भिंतीपर्यंत पोचली, अगदी सरळ नाही, पण सरळ म्हणायला हरकत नाही इतपत.

पुढच्या शनिवारी तोच आकडा चालेना.

"हे काय," ती वैतागून म्हणाली. "मी तर काहीच बदललं नाही."

"बॅटरी उतरली असेल."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

कुरकुरने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," ती म्हणाली आणि पुन्हा पालथी पडली.

मग बाईने सेन्सर शिकवला. त्याचे ते दोन गोल डोळे म्हणजे खरं तर एक तोंड आणि एक कान. तोंड आपल्याला ऐकू न येणारी हाक मारतं, हाक समोरच्या वस्तूवर आपटून परत येते, कान ती ऐकतो. जितक्या लवकर हाक परत, तितकी भिंत जवळ. भिंत वीतभर अंतरावर आली की थांब, मागे ये, वळ, आणि पुन्हा चालू लाग, एवढंच लिहायचं होतं. त्या एवढ्यासाठी मुलांना तीन शनिवार लागले. वर्गभर टकरी चालू असत. त्यातल्याच एका दिवशी संचालक लवकर परतले. त्यांनी काचेच्या दारातून पाहिलं आणि आत येऊन हळूच विचारलं, "मॅडम, हा काय, अपघात विभाग?"

"शिकतायत, सर."

"शिकू द्या हो. पण दाराजवळ नको. बाहेरून दिसतं."

एवढ्यावरच भागलं. संचालकांचा शिकण्याला विरोध कधीच नव्हता. ते फक्त गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू नये, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

वर्षअखेरच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांनी सभागृह घेतलं. स्टेज, माइक, मागे गडद लाल मखमलीचा पडदा. प्रमुख पाहुणे एक बिल्डर, ज्यांनी सभागृहाचा खर्च उचलला होता आणि त्याबद्दल स्वतःच्या इमारतीचं मोठं चित्र स्टेजच्या एका बाजूला लावून घेतलं होतं. स्टेजवर पांढऱ्या कापडाच्या मार्गावर छापलेली काळी पट्टी अंथरायची, प्रत्येक मुलाने वर्गाचा प्रोग्राम घातलेली गाडी तिच्यावर सोडायची, दोन वाक्यं बोलायची. वाक्यंही संचालकांनी लिहून दिली होती. सगळ्यांना तीच.

आदल्या दिवशी बाईने दार लावून तुकडीला सांगितलं, "उद्या प्रत्येकाने ठरवायचं. वर्गाचा प्रोग्राम घालायचा की आपला स्वतःचा. मी दोन्हीची तयारी ठेवीन."

"आपला!" असा एकच गिल्ला झाला. बाईच्या अंगावर काटा आला. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं की उद्या त्या सभागृहात पहिल्यांदाच काहीतरी खरं घडणार आहे. नवरा म्हणाला, "उद्याचं उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी पालक आले. आजोबा आले, मावश्या आल्या, काही घरांतून तर कॅमेरा धरायला वेगळा माणूस आणला होता. मुलांनी स्टेजमागच्या फटीतून ती गर्दी पाहिली आणि थोड्याच वेळात बाईच्या शेजारी एक पांढरा कोट येऊन उभा राहिला.

"मॅडम, माझ्यात क्लासवाला टाका ना."

"का रे? तुझी तर चांगली चालली होती."

"आत्या आलीय."

बाईने टाकला. मग दुसरा आला, मग दोघी एकदम आल्या. प्रत्येकाकडे कारण होतं आणि कारण नेहमी कुणाच्या तरी रूपात पहिल्या तीन रांगांत बसलेलं होतं. बाई एकेका गाडीला वायर जोडत होती आणि बाण दाबत होती. कालचा गिल्ला आठवून तिला स्वतःचंच हसू आलं. क्रांती करायला निघालेलं सैन्य आत्याला बघून पळालं होतं. पण पोरांना तरी काय बोलणार? आयुष्यभर या मोठ्यांच्याच घरात जेवायचं त्यांना.

शेवटी दोघंच उरले. कॅप्टन, कारण आपल्या गाडीत काही उणं आहे हे त्याला मान्यच नव्हतं; आणि कुरकुर.

"तुला बदलायचा नाही?" बाईने विचारलं.

"वर्गाचा चालतो हे सगळ्यांना माहितीय," कुरकुर म्हणाली. "त्यात बघायचं काय?"

कार्यक्रम सुरू झाला. प्रमुख पाहुणे म्हणाले की रोबोट हे भविष्य आहे आणि भविष्याला पार्किंग लागतं. मग एकामागून एक गाड्या पट्टीवरून गेल्या. सारखी गती, सारखं वळण, सारखी दोन वाक्यं. प्रत्येक फेरीला टाळ्या, आणि ज्याच्या घरचे जास्त त्याला जास्त टाळ्या. संचालक बाजूला हात बांधून उभे होते, चेहऱ्यावर तृप्ती.

मग कॅप्टन. त्याने मोटरच्या दोन तारा उचकटून उलट्या जोडल्या होत्या, हे बाईने त्याला महिनाभर सांगितलं होतं. गाडी सोडल्याबरोबर एक चाक पुढे, एक मागे, अशी जागच्या जागी भिरभिरत सुटली. सभागृहात हसू फुटलं. कॅप्टनने गाडीकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं, आणि छाती काढून सलाम ठोकला. टाळ्या पडल्या. संचालकांच्या चेहऱ्यावरची तृप्ती मात्र थोडी उतरली आणि त्यांनी बाईकडे पाहिलं. बाईने पडद्याकडे पाहिलं.

कुरकुरने कापडी मार्ग पायाने बाजूला सारला. गाडी उघड्या फळ्यांवर ठेवली आणि सोडली. ती सरळ गेली. पट्टी नाही, कुणाचा हात नाही, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारल्यासारखी सरळ. आणि कुणीही टाळी वाजवली नाही, कारण सरळ जाण्यात काय एवढं, असंच खाली बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं. बाईचे मात्र डोळे भरून आले. पाहुण्यांच्या इमारतीच्या चित्राजवळ, वीतभर अलीकडे, गाडी थांबली. मागे आली, वळली आणि मागच्या पडद्याकडे निघाली.

तिथे ती थांबली नाही. मखमल पाहून तिने जराही वेग कमी केला नाही. पडद्याला खालून एक फुगवटा आला, तो फुगवटा घुशीसारखा डावीकडे सरकत गेला, आणि मग मागच्या पायऱ्यांवरून काहीतरी धडधडत गेल्याचा आवाज झाला. एक चाक तेवढं पडद्याखालून परत घरंगळत स्टेजवर आलं.

लोक हसायचे थांबेनात. पहिल्या रांगेत वकीलसाहेब फोन खाली करून समोर बघत बसले होते, जणू ही मुलगी त्यांच्या ओळखीची नव्हती. कुरकुरने चाक उचललं आणि माइककडे गेली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. तिने तो खाली ओढला, त्याने करकर आवाज केला.

"त्याला पडदा भिंत वाटली नाही," ती म्हणाली. "त्याची हाक पडद्यात शिरली आणि परत आलीच नाही, म्हणून त्याला वाटलं पुढे मोकळं आहे. मी फक्त भिंतींवर करून बघितलं होतं, कापडावर नाही. चूक माझी आहे." जरा थांबून तिने पुढे जोडलं, "पण एवढा जाड पडदा कशाला लावायचा?"

बाईला वाटलं, आता होईल ते होवो. या वर्गाच्या इतिहासात, स्मरणशक्तीपासून धरला तरी, एवढं खरं बोलणं कधी झालेलं नाही.

तेवढ्यात संचालक माइकजवळ पोचले. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला बाईने स्वतः पाहिला होता. पण ते माइकसमोर उभे राहिले आणि दोन श्वासांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"पालकहो," ते हळू, भारावलेल्या आवाजात म्हणाले, "हाच तो क्षण. हेच दाखवायला आम्ही तुम्हाला इथे बोलावलं. मशीन चालणं सोपं आहे. चुकणं, चूक ओळखणं आणि ती चारचौघांत मान्य करणं, हे जगातल्या मोठमोठ्या संशोधकांचं लक्षण आहे. आमच्या ॲडव्हान्स्ड लेव्हलमध्ये आम्ही हेच शिकवतो." आणि त्यांनी कुरकुरच्या डोक्यावर हात ठेवला.

जी टाळी सरळ जाणाऱ्या गाडीला मिळाली नाही, ती आता मिळाली, आणि तीही उभं राहून. वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी शेजारच्याला सांगितलं, "माझी मुलगी."

बाई स्टेजच्या बाजूला उभी होती. माणसाचा एवढा राग येऊ शकतो आणि त्याच वेळी त्याची एवढी कमाल वाटू शकते, हे तिला माहीत नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. चहाच्या टेबलाजवळ पालकांनी संचालकांना घेरलं. ज्यांच्या गाड्या पट्टीवरून बिनचूक गेल्या होत्या त्यांचे चेहरे पडलेले.

"आमच्याचा रोबोट काही चुकला नाही," एक आई काळजीने म्हणाली. "म्हणजे तो खालच्या लेव्हलला आहे का?"

"त्याला पण चुकायची संधी मिळायला हवी होती," एका मुलाचे काका म्हणाले. "सगळ्यांना समान संधी पाहिजे."

"मिळेल," संचालक म्हणाले. "नवीन बॅच काढतोय."

सोमवारी त्यांनी बाईला केबिनमध्ये बोलावलं. बोलणी खायची तयारी करूनच ती गेली होती. संचालकांनी तिला खुर्ची दिली, वर बिस्किटंही.

"तुम्ही डोळे उघडलेत माझे," ते म्हणाले. "फेल्युअर बॅच. बघा कसं वाटतं नाव. तुम्ही त्याच्या हेड. मला फक्त एक करा: दहा-बारा चांगल्या चुका काढून द्या. सोप्या, सुबक, अर्ध्या तासात सापडतील अशा. एक तार उलटी, एक आकडा कमी-जास्त. किटवाल्याशी बोललोय मी, तो बिघाड घालूनच किट पाठवेल."

"चुका मुलं आपणहून करतात, सर. त्या करून द्याव्या लागत नाहीत."

"सगळी करत नाहीत हो. काही मुलं फार व्यवस्थित असतात. त्यांचं नुकसान का?"

बाईने बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"आणि त्या मुलीसारखं नको," संचालक पुढे म्हणाले. "जिन्यावरून पडणं वगैरे. ते चाक मलाच बसवावं लागलं. चूक कशी, स्टेजवर मावेल एवढी हवी."

"सर, तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

संचालकांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, उलट जरा दयेनेच, जशी ती इतके दिवस त्यांच्याकडे बघत आली होती. "मॅडम," ते म्हणाले, "पालकांना मूल हुशार आहे हे ऐकायचं असतं. पूर्वी हुशारी अक्षरात होती, आता चुकीत आहे. उद्या आणखी कशात जाईल. मी कुठे म्हणतो मला कळतं? मी फक्त ती कुठे गेलीय ते बघतो आणि तिथे खुर्च्या मांडतो."

बाईने राजीनामा दिला. संचालकांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि बहुधा त्यांना वाटलंही असेल, पण जिन्यावरून उतरताना तिला ते फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आलं की आमच्याकडे हेडची जागा आहे, हसतमुख व्यक्ती पाहिजे.

पुढे तिने बाजारातल्या दुकानांचे काटे दुरुस्त करायला घेतले. दुकानदार आपला काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकतो अशी तक्रार घेऊन येत. स्वतःच्या बाजूने चुकणारा काटा घेऊन एकही आला नाही. तुच्छ मानायला माणसं तिला तिथेही कमी पडली नाहीत. पण घरी येऊन नवऱ्याला ती पूर्वीइतकं ऐकवेनाशी झाली.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. वकीलसाहेब उभे होते, आणि त्यांच्या मागे कुरकुर, हातात गाडी.

"ही वर्गाला जायला तयार नाही," ते आत येऊन खुर्चीवर बसत म्हणाले. "नवीन बॅचमध्ये प्रत्येकाला एक चूक देतात. हिने हिला मिळालेली पाच मिनिटांत काढली आणि दुसरी मागितली. ते म्हणाले दुसरी पुढच्या लेव्हलला. तेव्हापासून घरात आर्ग्युमेंट चालू आहे."

"माझी चूक आधीच कुणीतरी करून ठेवलेली होती," कुरकुर म्हणाली. "मग ती माझी कशी?"

"तुम्ही शिकवणी घ्याल का?" वकीलसाहेबांनी विचारलं. "आणि सर्टिफिकेटचं काय असेल?"

"काही नसेल."

"म्हणजे शेवटी मी लोकांना दाखवायचं काय?"

"दाखवायचं असेल तर तिथेच पाठवा. ते छान दाखवतात."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. कोर्टात असते तर त्यांना बरंच सुचलं असतं. पण मुलगी एव्हाना फरशीवर पालथी पडली होती आणि बाईही मांडी घालून तिच्यासमोर बसली होती. संचालकांनी बसवलेलं चाक तिरकं बसलं होतं, त्यामुळे जुने आकडे सगळे वाया गेले होते आणि कुरकुर त्यांच्या नावाने बोटं मोडत होती.

"आधी चाक सरळ करायचं की आकडा बदलायचा?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं चाक. पण मला आकडा बदलून बघायचाय."

"मग बघ."

गाडी सुटली. भिंतीकडे जायच्या ऐवजी डावीकडे वळली आणि थेट खुर्चीच्या दिशेने निघाली.

"बाबा, पाय काढा," कुरकुर म्हणाली.

वकीलसाहेबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बाईकडे. मग बूट घातलेले दोन्ही पाय वर उचलले आणि ते तसेच, हातात फोन आणि पाय अधांतरी, मान ताठ ठेवून बसून राहिले.